आखाजीचं डिझेल

जनता एकदा जागी झाली की सिंहासनं डळमळतात, असं जाणकार सांगतात. तापीछाया सोसायटीतली जनता आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी साडेपाचला जागी झाली, एकाच वेळी आणि एकाही माणसाचा अपवाद न ठेवता. खाडीचं पाणी गादीतून वर येऊन पाठीला लागलं होतं. आसपास सिंहासन नव्हतं. पलंग मात्र डळमळत होते.

तापीछाया सोसायटी डिंडोलीच्या टोकाला आहे. तिथून तापी दिसत नाही आणि छाया पडावी असं एक झाडही नाही. एकमेकांना चिकटलेली एकशे अठ्ठ्याहत्तर घरं, आणि मागच्या भिंतीपलीकडे खाडी. माणसं बहुतेक खानदेशातली, पारोळा-अमळनेर-साक्रीकडची. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळ्या करतात, बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात.

तीन वर्षांपूर्वी असंच पाणी घुसलं होतं तेव्हा सुकलालभाऊंनी सोसायटीला पंप दिला. सुकलालभाऊ इथले पुढारी. कधीकाळी तेही खात्यात तुटलेले धागे जोडत; पुढे माणसं जोडू लागले. पंप डिझेलवरचा होता. खाली दोन चाकं, मध्ये इंजिन आणि वर पत्र्यावर हात जोडलेल्या भाऊंचा फोटो. फोटो इंजिनापेक्षा मोठा असल्यामुळे वारा सुटला की पंप आपोआप चालू लागे, म्हणजे जागेवरून.

भाऊंनी पंप दिला, डिझेल दिलं नाही. त्यासाठी वर्गणी काढली तर ती कुणाच्या हातात द्यायची यावर तीन सभा झाल्या आणि दोघांची डोकी फुटली. शेवटी बायकांनी तोडगा काढला. गावाकडे भंडाऱ्याला घरोघरचं धान्य जमा होतं, तसं दर आखाजीला प्रत्येक घरानं एक लिटर डिझेल आणून द्यायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गावाकडे लेकी झोक्यावर बसतात, आणि तापीछायात माणसं टेम्पोच्या टाकीत नळी घालून तोंडानं ओढत बसतात. थंड पेयाच्या बाटल्या भरून आल्या की त्या एका मोठ्या ड्रममध्ये रिकाम्या करायच्या. ड्रमवर पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, ‘तापीछाया. हात लावू नये.’

ड्रम दगाच्या पडवीत असे. दगानं तीस वर्षं खात्यात सांच्यांना, म्हणजे मागांना, तेल दिलं होतं. नखांतलं तेल त्याच्या लग्नाच्या हळदीतही निघालं नव्हतं. त्या तीस वर्षांत त्याला नावानं कुणी हाक मारली नाही. मालक, मास्तर, शेजारी, सगळे ‘ए तेल’ म्हणत. ड्रम पडवीत आला त्या दिवसापासून लोक त्याला दगादादा म्हणू लागले. ड्रमच्या झाकणाची चावी तो करदोड्याला बांधून ठेवी. आठवड्यातून एकदा झाकण उघडून आत काठी बुडवी आणि काठीवरची ओल येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवी. कुणी बघो न बघो.

त्याची बायको भागीरथी रिकाम्या बाटल्या सोड्यानं धुऊन, झाकणं लावून, पोत्यात भरून माळ्यावर टाकी. कधीतरी लागतील, असं तिचं म्हणणं होतं.

सुकलालभाऊंबद्दल सोसायटीचं मत काय, हे नाक्यावरच्या पेट्रोल पंपाच्या फलकावर बघून सांगता येई. पेट्रोल वाढलं की भाऊ चोर. थोडं उतरलं की भाऊंनी केलं म्हणून हॉटेलात चहा. भाव वर ठरत होता, पण वरपर्यंत दगड पोचत नाही आणि भाऊंचं ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ होतं. टेम्पोवाला योगराज या मतमोजणीतला मुख्य. कापडाचे ताके मार्केटला वाहून नेणं हा त्याचा धंदा, त्यामुळे त्याची राजकीय जाण टाकीच्या काट्याबरोबर वरखाली होई.

जेठात भाव दोनदा वाढला आणि त्यातच भाऊंची क्लिप आली. एका फार्महाउसवर ठेकेदाराशेजारी भाऊ बसलेले, पुढ्यात ताट. हाडूक चोखत ते म्हणत होते, “या लोकांचं काय आहे, पेट्रोल दोन रुपयांनी उतरव, बापाचा खून विसरतील.” सोसायटी पेटली. योगराज भाऊंच्या बॅनरवर थुंकला, आणि बॅनर उंच असल्यामुळे थुंकी त्याच्याच खांद्यावर पडली. दोन तासांनी चर्चा ताटातलं मटण बोकडाचं की मेंढीचं यावर आली. त्या वादात एकाचा दात पडला.

मग भाऊंनी महागाईविरुद्ध मोर्चा जाहीर केला, आणि क्लिपबद्दल बोलणारा माणूस महागाईच्या बाजूचा ठरू लागला.

रविवारी सकाळी मोर्चा निघायच्या वेळी गाण्याच्या ट्रकवरचा जनरेटर बंद पडला. ट्रकवाला म्हणाला, या भावात मी टाकी भरून आणत नसतो. महागाईविरुद्धचा मोर्चा महागाईमुळे अडला. भाऊ थेट दगाच्या दारात आले. बूट बाहेर काढले, भागीरथीच्या हातचं पाणी प्याले, दगाच्या खांद्यावर हात ठेवला. बुधवारच्या आत ड्रम भरून देतो म्हणाले.

दगानं वर आभाळ दाखवलं. सोसायटीला विचारावं लागेल, असं तो हळूच म्हणाला. सोसायटीच तर बाहेर उभी आहे, असं भाऊ म्हणाले, आणि ते खरं होतं. गल्लीच्या तोंडाशी सगळे टोप्या घालून, गाणं कधी लागतं म्हणून ताटकळत उभे होते. आत काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं.

दगाचा मुलगा वाल्मिक भाऊंच्या मागेच होता. चोवीस वर्षांचा, लग्नाचा, रात्रपाळीचा कारागीर; पण खिशात भाऊंच्या मंडळाचं ओळखपत्र. त्यानं वाकून बापाचा सदरा वर केला आणि चावीला हिसका दिला. करदोडा तुटला. दगाच्या कमरेवर लाल वळ उठला.

“आबा, लोकेसमा मन्ही इज्जत काढू नको,” वाल्मिक म्हणाला.

दगानं पाच लिटरचा एक डबा तेवढा बाजूला काढला. भाऊंच्या पोरांनी बाकी ड्रमला आतच झेंड्याचं कापड गुंडाळलं, तो ट्रकवर चढवला, नळी जनरेटरला लावली आणि गाणं सुरू झालं. मोर्चा फार चांगला झाला. बैलगाडीत मोटरसायकल बसवली होती, भाऊ स्वतः कासरा धरून होते. तापीछायातली माणसं ट्रकच्या मागे घाम निथळेपर्यंत नाचली. योगराज तर बनियनवर आला होता. संध्याकाळी ड्रम परत आला, रिकामा, झेंडूचा हार घालून.

आता मंगळवार.

गुडघाभर पाण्यात दगानं पंप भिंतीशी ओढत नेला, पाइप भिंतीवरून खाडीत सोडला, डबा टाकीत रिकामा केला आणि हँडल मारलं. चौथ्या फिरकीला इंजिन धडधडलं. गल्लीत ओरडा झाला. भिंतीवरची ओल चार बोटं खाली दिसू लागली. कुणीतरी गणपतीचं नाव घेतलं, कुणी भाऊंचं. पाऊण तासानं इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. पाणी परत चार बोटं वर आलं, आणि आणखी दोन.

योगराज पाणी तुडवत पडवीत गेला. त्याच्या टेम्पोत पाणी शिरलं होतं, आत कुणाचे तरी अठरा ताके होते. त्यानं ड्रमला लाथ मारली. ड्रम देवळातल्या घंटेसारखा वाजला आणि तरंगत बाहेर आला.

मग योगराजनं पंपाचं हँडल उपसून हातात घेतलं.

“ए तेल,” तो म्हणाला. “डिझेल कोठे शे?”

दगानं ती हाक ऐकली. दोन वर्षांनी ऐकली. तो म्हणाला, “भाऊले दिधं. रविवारले.”

हँडल त्याच्या उजव्या मनगटावर बसलं. ऊस मोडावा तसा आवाज आला, आणि पाण्यामुळे तो गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. भाऊंचं नाव घेतो म्हणून दुसऱ्यानं पाठीत लाथ घातली. एरवी भाऊंना चोर म्हणायला सगळे मोकळे होते, पण ते रविवारच्या आधी. आता त्यांच्यासाठी घाम गाळला होता. दगा तोंडावर पडला. पाण्यात पडलेल्या माणसाला मारणं अवघड असतं, लाथेचा जोर निम्मा होतो. म्हणून दोघांनी त्याला काखेत धरून उभं केलं आणि बाकीच्यांनी सोयीनं मारलं. योगराजनं त्याची मान धरून पाण्यात दाबली, बाहेर काढली, विचारलं, परत दाबली. दर वेळी दगा श्वास घेऊन तेच सांगे. नाकातलं रक्त पाण्यावर पसरलं आणि तिथल्या तेलाच्या तवंगात मिसळून गेलं.

तेवढ्यात वाल्मिक पाळीवरून आला. केसांत, भुवयांत कापसाची लव. पॅन्ट मांडीपर्यंत दुमडलेली. त्याला वाट करून दिली. योगराजनं विचारलं की तुझा बाप म्हणतो भाऊंनी नेलं, तू बघितलं का?

वाल्मिकनं बापाकडे बघितलं. मग माणसांकडे बघितलं. ती जास्त होती.

“माले काय माहीत? चावी आबाजवळ ऱ्हास.”

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण गल्ली बघत होती. त्यानं बापाच्या तोंडात मारली. उलट्या हातानं, अंगठी असलेल्या. पुढचा दात तुटून दगाच्या खालच्या ओठात रुतला. इतका वेळ मार खाताना दगा काही तरी बोलत होता, ते तिथे थांबलं.

भागीरथी घरात साड्यांचे गठ्ठे माळ्यावर चढवत होती. मारहाणीचा आवाज तिच्या कानावर होता, पण गल्लीत तो रोजचाच. दगाचा आवाज बंद झाला तेव्हा ती दाराशी आली आणि पावडं घेऊन बाहेर पडली. पहिला फटका तिनं योगराजच्या खांद्यावर दांड्याकडून दिला. तो बसला तो पाण्यातच बसला, हात लोंबत राहिला. दुसरा एकाच्या गुडघ्यावर. मग मुलासमोर आली आणि पावडं भिंतीला टेकवून ठेवलं. त्याला हातानं मारलं, दोन्ही हातांनी, कान, गाल, मान, जिथे लागेल तिथे. तो मागे मागे सरकत भिंतीला लागला. तिनं त्याचा कान धरून पिळला आणि सोडला तेव्हा कानाची पाळी फाटली होती. मग परत पावडं उचललं आणि पंपावरच्या पत्र्यावर घातलं.

गल्लीतून ‘अरे अरे’ असा आवाज निघाला. दगाचं मनगट मोडलं तेव्हा निघाला नव्हता. दुसऱ्या घावाला पत्र्यावरचा फोटो सुटला, आणि भाऊ हात जोडून, हसतमुखानं, पाण्यावरून हळूहळू गटाराकडे निघाले.

काय झालं असतं सांगता येत नाही. पण शेजारची सून नूतन ओट्यावर उभी होती आणि तिच्या मोबाईलमध्ये रविवारचा व्हिडिओ होता. त्यात तिचं स्वतःचं नाचणं चांगलं दिसत नव्हतं म्हणून तिनं तो कुणाला दाखवला नव्हता. आता तिनं मोबाईल वर धरला. ट्रक, गाणं, ट्रकमागे योगराज बनियनवर. मग वाऱ्यानं झेंड्याचं कापड उडालं आणि ड्रमवरची पांढरी अक्षरं दिसली. ‘तापीछाया. हात लावू नये.’ ड्रमला हात लावून, ताल धरून, निम्मी सोसायटी नाचत होती. ड्रमशेजारी नळी धरून वाल्मिक बसला होता.

मोबाईल हातोहात फिरला. माणसं आधी आपापलं नाचणं बघत, मग ड्रम. वाल्मिक फाटका कान दाबून गल्लीच्या तोंडाकडे सरकला आणि नाहीसा झाला. दगाला धरून उभं करणाऱ्या दोघांनी त्याला सोडलं. सोडलं म्हणजे हात काढून घेतले. तो पाण्यात बसला.

त्याला उचलायला कुणी थांबलं नाही, कारण आता मोठं काम निघालं होतं. चाळीस-पन्नास माणसं, हातात पाइप, काठ्या, एकाच्या हातात पलंगाचा पाय, भाऊंच्या ऑफिसवर निघाली. योगराज पुढे, एका हातानं दुसरा हात धरून. वाटेत एका गाडीची काच फोडली. ती भाऊंची नव्हती, पण पांढरी होती.

ऑफिसच्या दारात सखाराम होता. सखाराम म्हणजे तिथला रखवालदार, साठीचा, साक्रीकडचाच. मोर्चात बैलाची शेपटी पिरगाळायचं काम त्याच्याकडे होतं. भाऊ वर आहेत का, असं विचारलं. तो म्हणाला, विचारून येतो. एवढ्या शिष्टाचारानं लोक फार चिडले. त्याला पायरीवरून ओढलं. पलंगाचा पाय त्याच्या कानावर बसला, कानातून रक्त आलं, शिटी गळ्यात होती ती दातांवर आपटली. पाइपवाल्यानं बरगडीवर तीन दिले. तो प्रत्येक फटक्याला “हो साहेब” म्हणत होता, सवयीनं. ऑफिसच्या काचा, खुर्च्या, पाण्याचा जार, सगळं फुटलं.

मग भाऊ जिन्यावरून खाली आले. अनवाणी. डोळे भरलेले. सखारामच्या रक्तात पाय पडू नये म्हणून एक पायरी वरच थांबले आणि मान खाली घालून म्हणाले की मला मारा. कुणीच मारलं नाही. हात दुखले होते, आणि समोरून मारा म्हटल्यावर मारण्यात पहिल्यासारखं काही राहत नाही.

भाऊ म्हणाले, “मी दगादादाचं डिझेल नेलं. नेलं. पण मला एवढंच सांगा, डिझेल स्वस्त असतं, तर मी त्या गरिबाच्या दारात गेलो असतो का?”

जमाव यावर विचार करू लागला. मुद्दा बिनतोड होता. एक जण म्हणाला की हे बरोबर आहे, सगळ्याच्या मुळाशी भाव आहे. दुसऱ्यानं पलंगाचा पाय खाली ठेवला. भाऊंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पूरग्रस्त घरामागे दोन लिटर पेट्रोल, नाक्यावरच्या पंपावर, त्यांच्या चिठ्ठीवर. वाहनं बुडालेली असल्यामुळे बाटलीत मिळेल, तेवढं ते पंपवाल्याला सांगतील.

घोषणा कुणी दिली ते कळलं नाही, पण चांगली जोरात झाली. चिठ्ठीच्या रांगेत पुढे कोण यावरून परत हाणामारी झाली. त्यात दोघांची डोकी फुटली आणि त्यांना मानानं पुढे घेतलं. टेबलावर नावं लिहायला वाल्मिक बसला होता, कानाला चिकटपट्टी लावून.

दुपारी ओहोटी लागली आणि पाणी आपलं आपण उतरलं. घरोघर चिखल राहिला.

भागीरथीनं ताक्याची पुठ्ठ्याची नळी उभी चिरली, ती दगाच्या मनगटाला लावून खराब झालेल्या साडीनं आवळून बांधली. बोटं वांग्यासारखी झाली होती. ओठातला दात तिनं चिमट्यानं काढला. सिव्हिलला चला म्हणाली. तो उठेना. दारात, ओल्या पाटावर, गल्लीकडे तोंड करून बसला.

“कोणी यी,” तो म्हणाला. ओठामुळे शब्द नीट निघत नव्हते.

“कसाले यी?”

“एक जण तरी यी आनि सांगी, का दगा चोर नही. मंग जाऊत.”

ती आत जाऊन चिखल ओढू लागली. माणसं समोरून जात-येत होती, चिठ्ठ्या घेऊन, घाईत. एक-दोघांनी त्याच्याकडे बघितलं आणि पायाखालच्या चिखलाकडे जास्त लक्ष दिलं. चार वाजले. बांधलेला हात खांद्यापर्यंत ठणकत होता, पण त्यानं तो मांडीवर सरळ ठेवला होता, कुणी आलं तर उठता यावं म्हणून.

साडेचारला योगराज आला. हात झोळीत बांधलेला, डोळ्याखाली काळं. दारापाशी थांबला, चप्पल पायरीला घासून चिखल काढला, परत घासला. मान वर करत नव्हता. भागीरथीनं आतून पावड्याकडे बघितलं, दगानं तिला डोळ्यांनीच थांबवलं आणि चांगला हात पाटावर टेकून अर्धवट उठला.

“दगादादा,” योगराज म्हणाला.

“बोल, भो.”

योगराजनं खिशातली चिठ्ठी काढली, उलगडली, परत घडी केली.

“पंपावाला म्हणस, बाटली आपली आपण आणा. वाल्मिकनी सांगं, तुमना माळावर पोतंभर शेतीस.” तो थांबला. मागे गल्लीत आणखी सात-आठ जण येऊन उभे राहिले होते, हातात चिठ्ठ्या. “एक दी द्या ना, दादा. झाकणवाली बघा.”